माप माझ्याकडेच राहील

टेपकाकूंच्या गळ्यात टेप दिसली नाही, की घरातली माणसं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघतात. चहा करताना टेप गळ्यात, फोनवर बोलताना टेप गळ्यात. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडव्या झाल्या तेव्हाही ती गळ्यातच होती, आणि दात बघायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "हे माझ्यासाठी आणलंय का?" टेप पिवळी, कडेनं झिजलेली. पहिल्या दोन इंचांवरचे आकडे पार पुसले गेलेत, म्हणून काकू दोनपासून मोजतात आणि मनातल्या मनात दोन वजा करतात. नवी टेप आणून दिली तर म्हणतात, "हिला माझी सवय झालीय. नवीला सगळं पहिल्यापासून शिकवत कोण बसणार?"

ज्यांना तयार कपडे होत नाहीत, त्यांचे कपडे काकू शिवतात. तीस वर्षं टपालाची पिशवी वाहून एक खांदा दोन बोटं खाली गेलेला पोस्टमन, एक पाय आखूड असलेला घड्याळदुरुस्तीवाला, हात गुडघ्यापर्यंत पोचतील की काय असं वाटावं अशी पोहायला शिकवणारी बाई. दुकानातल्या आरशापुढे शरमिंदी होऊन ही माणसं काकूंकडे येतात. काकू त्यांना एकच सांगतात, "कपडा चुकतो. अंग चुकत नाही."

प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर पेन्सिलीनं पुढून आणि मागून माणसाची आकृती, तिच्यावर छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही असे आकडे, आणि कडेला काकूंच्या बारीक अक्षरात सूचना. 'डावा खांदा खाली, आतून पॅड द्यायचा, बोलायचं नाही.' 'पोटाला सैल, पण सैल दिसता कामा नये.' 'बसल्यावर त्रास होतो, उभ्याचं माप खरं धरू नये.' आकडे कुणीही लिहील. काकूंची विद्या या कडेच्या ओळींत होती.

पूर्वी काकूंचं गल्लीत दुकान होतं. ते सोडून सात वर्षांपूर्वी घरातल्या पुढच्या खोलीत मशीन आलं, तेव्हा कार्डांची तीन कपाटं ठेवायला जागा उरली नाही. मुलगा म्हणाला, आता कागद कशाला, आणि त्यानं सगळ्या कार्डांचे फोटो काढून 'मापपेटी' नावाच्या एका सोयीत ठेवून दिले. शिंप्यांसाठीच काढलेली सोय होती ती. टॅबलेटवर नाव टाकलं की कार्ड समोर. कागद रद्दीत गेले. तेव्हापासूनची पद्धत अशी, की माप घ्यायचं, कार्ड लिहायचं, फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या देखत कागद फाडून टाकायचा. फाडताना काकू म्हणायच्या, "हे माप माझ्याकडेच राहील." कागदाचे चार तुकडे झालेले बघून माणसं सुटकेचा श्वास टाकायची.

पाच वर्षांपूर्वी शाळेतल्या ग्रंथपालबाई आल्या, त्यांनीही असाच श्वास टाकला होता. त्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि छातीची एक बाजू सपाट झाली होती. आतल्या खोलीत त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभ्या राहिल्या आणि काकू कमीत कमी वेळात, बोटं न टेकवता, माप घेत गेल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "हे पुन्हा करावं लागेल का? मला पुन्हा कुणापुढे असं उभं राहायचं नाही."

"कधीच नाही," काकू म्हणाल्या. "कापड पाठवा, फोन करा. माप माझ्याकडेच राहील."

त्यानंतर बाईंचे सगळे कपडे फोनवर झाले.

मग एका रविवारी सकाळी, सगळे टेबलाशी बसलेले असताना, सुनेनं फोनवर आलेलं पत्र वाचायला घेतलं. सून एका कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम घरून करते. काकूंचे पासवर्ड, पत्रं, अपडेट हे खातं तिच्याकडे.

"आई, मापपेटीवाल्यांचं पत्र आहे. 'आपल्याला कळवताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे...'"

"आनंद त्यांना होतोय ना?" काका म्हणाले. काका म्हणजे काकूंचे यजमान, विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात सगळी नोकरी सरलेली आणि त्यामुळे कुठल्याही कंपनीचं गोड बोलणं कानाआड करायची सवय झालेली. "मग आपलं काहीतरी जाणार."

सुनेनं पुढचं मनातच वाचलं, कप खाली ठेवला आणि काय ते सांगितलं. मापपेटी एका तयार कपड्यांच्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती. दीड महिन्यानं, महिनाअखेरीला, पेटीत असलेलं सगळं त्या कंपनीकडे आणि तिच्या जोडीदार कंपन्यांकडे जाणार होतं. अधिक चांगल्या सेवेसाठी.

"म्हणजे ग्रंथपालबाईंचं माप त्या कपड्याच्या कंपनीला मिळणार?" काकूंनी विचारलं.

"हो. अकाउंट तसंच ठेवलं तर मिळणार."

"पण ते माझ्याकडे आहे."

सुनेनं मान हलवली. "तुमच्याकडे कधीच नव्हतं, आई. तुम्हाला दिसत होतं, एवढंच."

काकूंनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. काकांनी घाईनं त्यांच्या कपाळाकडे हात नेला, तो काकूंनी बाजूला केला.

"सात वर्षं मी दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पीत होते," त्या म्हणाल्या, "आणि लोकांना सांगत होते, विहीर माझी आहे." मग सुनेकडे वळून, "हे घरी आणता येतं का? घरी म्हणजे घरात. या खोलीत. आणि तिथून पुसून टाकता येतं का?"

"येतं. पण कटकट आहे. मशीन ठेवायचं, सांभाळायचं, बॅकअप घ्यायचा. लोक हौसेनं करतात, नि महिन्याभरात कंटाळतात."

"मी पस्तीस वर्षं काजं करतेय," काकू म्हणाल्या. "कंटाळ्याचं मला सांगू नकोस."

मुलाचा एक जुना लॅपटॉप माळ्यावर पडला होता. स्क्रीन फुटलेली, बाकी धडधाकट. सुनेनं दोन शनिवार-रविवार बसून त्याला नव्यानं कामाला लावलं. स्क्रीनची गरजच नव्हती. त्यानं फक्त चालू राहायचं, कार्डं पोटात ठेवायची, आणि घरातल्या टॅबलेटनं मागितलं की द्यायची. बाहेरच्या जगाला त्याचा दरवाजा बंद.

"याला सर्व्हर म्हणतात," ती म्हणाली. "घरातली माणसं जे मागतील ते आणून देणारा."

"म्हणजे माझ्यासारखा," काका म्हणाले.

"हा मागितल्यावर लगेच देतो म्हणे," काकू म्हणाल्या.

सर्व्हरला शिवणाच्या मशीनवरची फळी मिळाली. दोन दिवस नीट चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी टॅबलेटवर काहीच येईना. सुनेनं पुन्हा चालू केला, तासाभरानं पुन्हा बंद. ऑफिसच्या मीटिंगा सांभाळत तिनं वायर बदलली, राउटर बघितला, अर्धा दिवस नोंदी वाचल्या. मशीन तापून स्वतःच बंद होत होतं, पण का तापतंय ते कळेना. शेवटी ती उठून पुढच्या खोलीत आली आणि फळीकडे बघतच राहिली.

सर्व्हरच्या अंगावर निळ्या कापडाची खोळ होती. आत कापसाचा थर, कडेनं पांढरा गोट, वायरीसाठी व्यवस्थित काज. इतकी चपखल, की जणू ती घालूनच लॅपटॉप जन्माला आला होता.

"आई, तुम्ही याला कोट शिवलात?"

"मग? इथे दिवसभर धागे उडतात, कापडाचा भुगा उडतो. त्याच्या पोटात गेला म्हणजे?"

"हात लावून बघा."

काकूंनी हात लावला आणि पटकन काढून घेतला. इस्त्री बरी. खोळ उतरवता उतरवता त्या पुटपुटल्या, "माप घेतलं, पण हा श्वास कुठून घेतो ते विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी नवी खोळ तयार होती. वरून कापड, दोन्ही बाजूंना बारीक जाळी, आणि खालून वारा खेळावा म्हणून चार कोपऱ्यांखाली चार रिकामी रिळं. सुनेनं तापमान बघितलं. खोळ नसताना होतं त्याच्यापेक्षा अर्धा अंशसुद्धा जास्त नव्हतं. तिनं ऑफिसातल्या एका मैत्रिणीला फोटो पाठवला, तर मैत्रिणीनं विचारलं, कुठे विकत मिळते.

मग मापपेटीतून सगळं उतरवून घ्यायचं काम. 'माझी माहिती डाउनलोड करा' या बटणावर बोट ठेवलं, दोन दिवस वाट पाहिली, एक गाठोडं आलं, ते सुनेनं सर्व्हरवर सोडलं. तिकडे सहाशे चाळीस कार्डं, इकडे सहाशे चाळीस. महिनाअखेरीला बारा दिवस उरले होते.

"झालं," सून म्हणाली. "आता तिकडचं अकाउंट पुसून टाकते, म्हणजे विषय संपला." तिचं बोट उचललेलंच होतं.

"थांब. ट्रायल कुठे झाली?"

"मोजलीत ना. सहाशे चाळीस."

"नग मोजलेस. अंगात घालून बघितलंस का?"

सुनेला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या. त्यांचा नियमच होता. चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी तेच माप मांजरपाटावर बेतायचं, कच्चे टाके घालायचे, अंगावर चढवून बघायचं. मांजरपाट फुकट गेला तरी चालेल, कापड जाता कामा नये. पाहुण्यांकडे लग्न असो की शेजाऱ्याची पळापळ असो, या नियमात त्यांनी कधी सूट दिली नव्हती.

आणि योगायोगानं हातात कामही होतं. ग्रंथपालबाईंनी आठवड्यापूर्वी राखाडी लोकरी कापड पाठवलं होतं. वाचनालयात नवा एसी बसला होता आणि थेट त्यांच्या टेबलावर वारा यायचा. कोट हवा होता. काकूंनी टेबलावर मांजरपाट पसरला, खडू घेतला, आणि टॅबलेटवर घरच्या सर्व्हरमधून बाईंचं कार्ड मागवलं.

आलं लगेच. आकृती दिसली. आकडेही होते, पण काकू डोळे बारीक करून बघत राहिल्या. चष्मा पुसला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, तशी अक्षरं फुटून चौकोन चौकोन झाली. खांदा साडेतेरा की साडेपंधरा? मुंढ्याच्या आकड्याच्या जागी मुंग्यांचा एक पुंजका. आणि कडेच्या सूचना, ज्यांच्यात त्या सपाट बाजूला अस्तर कसं उचलायचं ते लिहिलं होतं, त्या नुसत्या करड्या रेघा.

सुनेनं एक कार्ड उघडलं, दुसरं उघडलं, दहावं उघडलं. मग ती खुर्चीत मागे टेकली.

"लहान करून दिलेत," ती म्हणाली. "गाठोडं हलकं व्हावं म्हणून सगळी चित्रं लहान करून दिलीत. आणि मी नुसतं मोजलं. रोज हेच काम करते मी, आई, आणि नुसतं मोजलं."

"तिकडचं पुसलं असतंस तर?"

"तर गेलं असतं. सगळं."

काकूंनी खडू खाली ठेवला. मांजरपाटाची घडी घातली.

मापपेटीच्या मदतीच्या खिडकीत लिहून विचारलं, तर तिथे माणूस नव्हताच. 'नमस्कार, मी आपली कशी मदत करू?' मोठी चित्रं हवीत. 'माहिती डाउनलोड करण्यासाठी डाउनलोड बटण दाबा.' दाबलं, लहान आली. 'आपली अडचण सुटली याचा आनंद आहे.' सुटलेली नाही. 'नमस्कार, मी आपली कशी मदत करू?'

"आमच्या ऑफिसात एक साहेब असेच होते," काका म्हणाले. "पण ते निदान पाच वाजता घरी जायचे."

सुनेनं शोधून काढलं, की मूळ मोठं चित्र मिळायची एकच वाट होती. कार्ड उघडायचं, चित्रावर बोट दाबून धरायचं, तीन ठिपके येतात त्यांच्या आत जायचं, तिथे 'मूळ प्रत' असं बारीक लिहिलेलं असतं. एका वेळी एक. तिनं हे काम आपोआप करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो झपाट्यानं चाळीस कार्डं घेऊन आला आणि एकेचाळिसाव्याला मापपेटीनं अकाउंटलाच कुलूप घातलं. 'असामान्य हालचाल आढळली आहे. चोवीस तासांनी प्रयत्न करा.'

"स्वतःच्या घरात चोरासारखं शिरावं लागतंय," सून म्हणाली. "मी काय करते माहितीये, आई, माझ्या नोकरीत? गेले सहा महिने आमची अख्खी टीम एकाच कामावर आहे. माणसाला सोडून जायचं असेल तर ते बटण त्याला सापडू नये. रंग फिका करा, तीन पायऱ्या आत ठेवा, दर पायरीला विचारा, खरंच जाताय का. हे तीन ठिपके माझ्यासारखीनंच कुणीतरी बसून बनवलेत. पगार घेऊन."

काकू टेबलाच्या कडेला टेकल्या. "शिवायला एक दिवस लागला तर उसवायला दोन लागतात," त्या म्हणाल्या. "घाईनं उसवलं की कापड फाटतं. किती राहिली?"

"सहाशे."

"दिवस?"

"उद्याचा कुलुपात गेला. दहा."

"तुझ्या प्रोग्रामला घाई आहे म्हणून त्यांना चोर वाटतो. मी म्हातारी आहे. मला ते कशाला पकडतील? मी हातानं आणते."

"आई, दिवसाला साठ कार्डं, प्रत्येकाला पाच वेळा बोट. बोटं दुखतील."

"बँडपथकाचे चाळीस गणवेश शिवले होते मी. प्रत्येकाला अठरा काजं. तेव्हा तू शाळेत होतीस." काकूंनी टेप उचलून गळ्यात टाकली. "एका वेळी एक काज. पुढचं बघायचंच नाही."

कुलूप उघडलं त्या दिवसापासून काकू सकाळी दहाला बसायच्या आणि एकला उठायच्या. पुन्हा चार ते सहा. कार्ड उघड, दाब, ठिपके, मूळ प्रत, सर्व्हरवर ठेव. दर कार्ड घरच्या सर्व्हरमधून पुन्हा उघडून कडेची शेवटची ओळ मोठ्यानं वाचायच्या. वाचता आली तरच वहीत बरोबरची खूण. काका समोर बसून वही सांभाळायचे. मीटरचे आकडे लिहून लिहून त्यांचं अक्षर छापल्यासारखं झालेलं.

"'मान पुढे, कॉलर मागून अर्धा इंच उंच,'" काकू वाचायच्या.

"हा कोण?"

"बँकेतला. ज्याच्या मांजरानं तुमचा मोजा पळवला होता."

"तो मोजा अजून परत यायचाय."

अशी एकेक माणसं येऊन भेटून जायची. काही कार्डांपाशी काकू थांबायच्या. पोहायला शिकवणाऱ्या बाईचे वडील, मागल्या गल्लीतले छापखानेवाले, एका नर्सबाईंची सासू. ही माणसं आता नव्हती. पहिल्या दिवशी त्यांचीही कार्डं काकूंनी आणली. दुसऱ्या दिवशी छापखानेवाल्यांच्या कार्डावर बोट ठेवून बराच वेळ गेला, आणि मग त्यांनी ते उघडलंच नाही.

"यांना आता माप नको," त्या म्हणाल्या. "जपायचं म्हणून किती जपायचं. तिकडचं पुसलं जाईल, तेवढं पुरे." काकांनी वहीत त्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली. शेवटी अशा एकाहत्तर रेघा झाल्या.

पाचव्या दिवशी काकूंच्या उजव्या हाताचं बोट सुजलं, तेव्हा डाव्या हातानं सुरू. मधली जेवणाची सुट्टी सून पुढच्या खोलीत काढायला लागली. ती वीस मिनिटांत सात-आठ कार्डं आणायची, आणि शेवटची ओळ काकूंसारखीच मोठ्यानं वाचायची. एकदा तिच्या फोनवर ऑफिसच्या मीटिंगची घंटा वाजली. ती म्हणाली, "बटण फिकट करायची मीटिंग आहे," आणि हातातलं कार्ड पूर्ण करूनच उठली. त्या मीटिंगमध्ये तिनं पहिल्यांदा विचारलं, की ज्याला जायचंय त्याला आपण जाऊ का देत नाही. साहेब म्हणाले, हा मुद्दा वेगळा घेऊ. पण तिनं तो नोंदीत लिहायला लावला, आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा वाचून दाखवला.

महिनाअखेरीला एक दिवस राहिला असताना शेवटचं कार्ड आलं. सुनेनं सगळ्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, तिला पासवर्डचं कुलूप घातलं. घर एकच, फळी एकच. पाणी गळलं की दोन्ही जातील, म्हणून ती प्रत दुसऱ्या घरी हवी होती. ती बिस्किटांच्या डब्यात बसून विहीणबाईंच्या कपाटात गेली. "माझ्या सुनेच्या आधी माझी मापं माहेरी निघाली," काकू फोनवर विहीणबाईंना म्हणाल्या. डिस्कचीही ट्रायल झालीच. काका ती तिथून परत घेऊन आले, काकूंनी वाटेल ती पाच कार्डं उघडून शेवटच्या ओळी वाचल्या, मगच डबा पुन्हा रवाना.

आता अकाउंट पुसायचं. बटण सापडायला सुनेला दोन मिनिटं लागली. कुठे लपवलं असेल ते तिच्याइतकं कोण जाणणार? 'खरंच जाताय?' हो. 'आम्हाला आपली आठवण येईल.' हो. 'आपली सहाशे चाळीस कार्डं कायमची जातील.' इथे तिनं काकूंकडे बघितलं.

"दाब," काकू म्हणाल्या.

शेवटी एक रिकामी चौकट आली. 'आपण का जात आहात? आम्हाला सुधारायला मदत करा.' काकूंनी टॅबलेट स्वतःकडे ओढला आणि सुजलेल्या बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी तुमच्याकडे ठेवलं ते माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांना मी विचारलं नव्हतं.' मग बटण दाबलं.

कोट चार दिवसांनी तयार झाला. मांजरपाटावर बेतून, पुतळ्यावर चढवून, मग राखाडी कापडाला कात्री. फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, "बाई, या वेळी तुम्ही स्वतः या. माप घ्यायचं नाही. काही सांगायचंय."

ग्रंथपालबाई शाळा सुटल्यावर आल्या. काकूंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. माप माझ्याकडेच राहील म्हणाले, ते खरं नव्हतं. पाच वर्षं ते एका कंपनीच्या मशीनवर होतं. आता नाही. पुसलं, असं त्यांनी लिहून दिलंय. पण आतून खरंच पुसलं का, ते कळायचा मार्ग नाही.

"मला माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या. "पण माहीत करून घ्यायला हवं होतं. तुमच्यासमोर कागद फाडला आणि मला वाटलं, झालं."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. काका आत निघून गेले होते. सून दारात उभी होती.

"आता कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

काकूंनी फळीकडे बोट केलं. जाळीच्या खोळीत, चार रिळांवर, एक हिरवा दिवा लुकलुकत होता. "इथे. आणि एक प्रत माझ्या विहीणबाईंच्या कपाटात, कुलूप घातलेली. तुम्ही म्हणालात तर दोन्हीकडून आत्ता काढते. तुमच्यासमोर."

"काढलं तर पुढच्या वेळी पुन्हा माप द्यावं लागेल."

"लागेल. किंवा मी आठवून शिवेन. चुकलं तर उसवेन."

बाई उठल्या. त्यांनी कोट हँगरवरून काढला, अंगात घातला, बटणं लावली. आरशाकडे गेल्या नाहीत. भिंतीपाशी जाऊन दोन्ही हात वर केले, उंच फळीवरचं पुस्तक काढताना करतात तसे. कोट कुठे ओढला गेला नाही. डाव्या बाजूचं अस्तर जिथे उचलायला हवं तिथेच उचललेलं होतं. हात तसेच वर ठेवून त्यांनी फळीवरच्या खोळीची जाळी बोटानं चाचपली.

"हे तुम्ही शिवलंत?"

"पहिल्यांदा चुकलं होतं. गुदमरला बिचारा."

बाई हसल्या. हात खाली घेतले आणि खुर्चीत बसल्या, कोट न काढताच.

"राहू द्या माझं कार्ड," त्या म्हणाल्या. "याच कापडाची एक पँट करायचीय. पण यापुढे कुठे ठेवायचं ते मला विचारून."

"तुम्हाला, आणि सगळ्यांना," काकू म्हणाल्या आणि काकांनी लिहिलेली वही पुढे ओढली. पानापानांवर मिळून पाचशे एकोणसत्तर नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. त्यांच्या शेजारी काकूंनी पट्टी धरून एक नवा रकाना आखला, ग्रंथपालबाईंच्या नावापुढे 'विचारलं' असं लिहिलं, आणि पुढच्या नावाचा फोन नंबर काढायला सुनेला हाक मारली.